दुसरीतल्या मुलीची बुद्धिमापन चाचणी: मदत हवी आहे

धडगाव भागातल्या द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. एक मुलगी, वय ७, घरी पावरी बोलते. मराठी वाचनात मागे, लेखी चाचणीत जेमतेम. पण "३ मधून ५ जात नाहीत" म्हटलं तर म्हणाली, "जातात, २ ची उधारी राहते." हे शिकवलेलं नाही! चौथीची तोंडी गणितं दिली, तीही सोडवली. दोन महिन्यांच्या निरीक्षणनोंदी आहेत.

बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीत तोंडी उत्तरं बरीच, त्यात भाषेमुळे ती मागे पडेल. रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी (३६ प्रश्न) बरी वाटते, पण ती मानसतज्ज्ञांनीच घ्यावी लागते. पालक मजुरीवर, पुण्याला जाणं शक्य नाही. तिला वरच्या वर्गात ढकलायचंही नाही.

नंदुरबार-धुळ्याकडे ही चाचणी कोण घेतं, खर्च किती?