गुडघा गेला, आता कोचिंगला लागू का?

डावा_विंगर
वय 26. पुण्याच्या फुटबॉल लीगमध्ये सहा सीझन खेळलो. गेल्या पावसाळ्यात डाव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, तरी अजून जिना उतरताना कठडा धरतो. डॉक्टर म्हणाले, खेळ विसर. क्लबचे सर म्हणतात, अंडर-13 ची पोरं सांभाळ, भारताकडून खेळलेला खालिद जमील पण असाच कोच झाला. आई म्हणते, नीट नोकरी बघ. खालिदचं नक्की काय झालं होतं? खेळ सुटला की लगेच कोच, असं होतं का?

कॅम्पातला_कीपर
आईचं ऐक. पुणे एफसी, पुणे सिटी, डीएसके शिवाजीयन्स, तिन्ही क्लब आपल्या डोळ्यांदेखत गेले. तू कोच होशील रे, पण कोणाचा?

बालेवाडी_पूर्व
कीपरसाहेबांचं दुखणं खरं आहे, पण पोराने विचारलंय वेगळंच.

खालिदचं जवळजवळ लगेचच झालं. जन्म कुवेतचा, मिडफिल्डर. क्लब महिंद्रा, एअर इंडिया, पुन्हा महिंद्रा. भारताकडूनही खेळला. 2007 ला मुंबई एफसी नव्याने निघाली तिकडे गेला, पण दुखापतींनी मैदानात फारसं उतरूच दिलं नाही. 2009 ला त्याच क्लबाने त्याला कोच केलं. काल ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांनाच आज सांगायचं की तू बाहेर बस. गुडघ्यापेक्षा हे जास्त दुखत असणार.

तुझे सर बहुतेक आयझॉलची, म्हणजे मिझोरामच्या क्लबाची गोष्ट सांगत असतील. सगळे तिथूनच सुरू करतात. माझ्या मते त्याचं शिक्षण त्याआधीच्या सात वर्षांत झालं, आणि त्यातलं थोडं मी पाहिलंय. मुंबईचं कूपरेज मैदान मिळत नव्हतं म्हणून मुंबई एफसी 'घरच्या' मॅच खेळायला आपल्या बालेवाडीत यायची. मुंबईकर पुण्यात येऊन यजमान! मी ऑफिसातून थेट जायचो. स्टँडमध्ये माणसं इतकी कमी की शेंगदाणेवालाही हाफटाइमला निघून जायचा. खेळ म्हणाल तर डोळ्यांना त्रास. सगळे मागे, मिळाला तर एक गोल, मग तो पोटाशी धरून बसायचं. मी शिव्या दिल्यात. पण इतक्या कमी पैशातली टीम त्याने एकदाही आय-लीगमधून, म्हणजे राष्ट्रीय लीगमधून, खालच्या लीगमध्ये जाऊ दिली नाही.

गंमत म्हणजे त्याच मैदानावर पुणे एफसीचे कोच होते डेरिक परेरा. सालगावकरचे जुने डिफेंडर. 2005-06 ला त्यांनी महिंद्राला राष्ट्रीय लीग जिंकून दिली तेव्हा खालिद त्याच क्लबात होता. म्हणजे गुरू आणि शिष्य एकाच गवतावर, आलटून पालटून यजमान. डेरिकनी 2012-13 ला आपल्या पुणे एफसीला आय-लीगमध्ये दुसऱ्या नंबरवर नेलं. ते वर्ष आठवलं की अजून जीव हळहळतो, असो.

2016 ला मुंबईने खालिदला सोडलं. तो गेला आयझॉलला. आदल्या वर्षी खाली गेलेला क्लब, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतलेला. जाताना जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबईची पोरं तिकडे दिसली. शेवटच्या दिवशी शिलाँगला 1-1, आणि मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त घेऊन आयझॉल आय-लीग चॅम्पियन. त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला. मी घरी एकटाच हसलो होतो, बायकोने विचारलं काय झालं.

कॅम्पातला_कीपर
आणि भारताचा कोच झाल्यावर? गोव्यात सिंगापूरकडून 1-2, आशियाई कप गेला. ते नाही लिहिलंत काका.

बालेवाडी_पूर्व
लिहितो की. हरलो. त्याच्या महिनाभर आधी ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत तिसरे आलो होतो, तेही त्याच्याच हाताखाली. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, भारतीय कोच म्हणजे बदली ड्रायव्हर अशी समजूत होती. त्याने 2020-21 ला नॉर्थईस्ट युनायटेडची टीम अर्ध्यात हातात घेऊन प्लेऑफला नेली, मग 2021 ला क्लबाने कायम केलं.

डावा_विंगर
धन्यवाद काका. लायसन्सचं कसं असतं?

बालेवाडी_पूर्व
डी, मग सी, बी, ए, शेवटी प्रो. खालिदकडे प्रो आहे. तू डी चा फॉर्म भर, आणि नोकरी सोडू नकोस. संध्याकाळी साडेपाचला सुटणारी बघ. पोरं किती आहेत?

डावा_विंगर
चौदा. बॉल चार, त्यातला एक हवा धरत नाही. रविवारी पहिल्यांदा गेलो तर सगळे बॉलच्या मागे एका कोपऱ्यात, आणि गोलकीपर शेजारच्या क्रिकेटवाल्यांचा बॉल आणून देत होता. ओरडायचं विसरलो, बघतच बसलो.

बालेवाडी_पूर्व
माझ्या माळ्यावर दोन बॉल पडलेत, पाच नंबरचे. अंडर-13 ला चार नंबर लागतो म्हणा, पण फुटक्यापेक्षा बरे. पत्ता मेसेज कर, शनिवारी आणून देतो. पंप तुझा तू आण.