मदत हवी आहे: स्टार ट्रेकचा पहिला सीझन लावला, तर आप्पा म्हणतात 'ह्यां तां न्हय'

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

माझे वडील, आप्पा, मुंबईला गोदीत होते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक ही अंतराळजहाजाची अमेरिकन मालिका लागायची. आमच्या मजल्यावर टीव्ही एकाच बिऱ्हाडात, तोही ब्लॅक अँड व्हाइट. आत पोरांची गर्दी, म्हणून आप्पा दाराच्या चौकटीला टेकून बघायचे. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं, पण कप्तान, इंजिनवाला, 'अमुक दिशेला वळवा' हे सगळं त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं. निवृत्तीनंतर आचऱ्याच्या घरी आले, तरी विषय निघाला की 'ती बोट' म्हणून अजून सांगतात.

मे महिन्यात माझा आतेभाऊ अमेरिकेहून आला. आंबे खायला म्हणायचं, घराच्या वाटणीचं बोलायला खरं तर. असो. येताना त्याने आप्पांसाठी पहिल्या सीझनचा ब्ल्यू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) सेट आणला. 7 डिस्क, 29 भाग, आणि सोबत त्याचा जुना प्लेअर. आप्पा तयार होऊन बसले. पाच मिनिटं झाली असतील नसतील, म्हणाले, "ह्यां तां न्हय रे."

मला वाटलं, चाळीस वर्षांपूर्वीची आठवण, गफलत होणारच. पण त्यांच्या तक्रारी अगदी नेमक्या आहेत. म्हणाले, ती बोट अशी वळत नाय होती. दर रविवारी डावीकडून उजवीकडे तशीच्या तशी जायची, तेच चित्र पुन्हा पुन्हा. आता ती कुठूनही येते, ग्रहावर ढग दिसतात, सगळं गुळगुळीत. "ट्रिकसीन घातल्यानी हत," हा निकाल. (ज्यांनी हल्लीचे ट्रिकसीनवाले दशावतार बघितलेत त्यांना हा टोमणा कळेल. आप्पा जुन्या दशावताराचे. पेटारा, पेट्रोमॅक्स आणि दाढी चिकटवलेला ऋषी एवढंच त्यांना पुरतं.)

तर प्रश्न असा, की आतेभावाला कोणी नकली माल गळ्यात मारला का? जुनं, जसंच्या तसं कुठे मिळतं का? शिवाय माणसांची तोंडं रुंद दिसतात, कप्तान कर्क तर गणपतीत मोदक खाऊन आल्यासारखा. आणि चौथी डिस्क मध्येच अडकते, तिच्यावर पांढरट ठिपके आलेत. पाऊस सुरू झाल्यापासून आमच्याकडे चपलांनाही बुरशी आहे, तेव्हा डिस्कला का नसावी.

माडाखाली:
आप्पांना दंडवत. आम्ही त्या जहाजावरच्या स्पॉक नावाच्या अधिकाऱ्याचे टोकदार कान सोडून काही लक्षात ठेवलं नाही.

दुर्बीण:
सेट अस्सल आहे आणि आप्पाही शंभर टक्के बरोबर आहेत.

मालिका मूळ 1966 ते 1969 ची, तीन सीझन, एकूण 79 भाग. तेव्हा जहाज म्हणजे सुमारे अकरा फुटी मॉडेल. ते निळ्या पडद्यासमोर चित्रित करून मागाहून ताऱ्यांवर बसवायचे. हे काम खर्चिक आणि वेळखाऊ, म्हणून एकदा घेतलेले शॉट पुढच्या कित्येक भागांत पुन्हा वापरले. आप्पा म्हणतात ते 'तेच चित्र' हेच. ते मॉडेल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

2006 पासून मालिका नव्याने साफ केली गेली. मूळ फिल्म एचडीत स्कॅन केली आणि अंतराळातले शॉट संगणकावर नवे बनवून घातले. शीर्षकसंगीतसुद्धा पुन्हा वाजवलंय. तुमचा सेट 2009 चा, त्यात ही नवी आवृत्ती आहे.

पण त्याच डिस्कवर जुनीही आहे! भाग निवडलात की 'एनहान्स्ड' की 'ओरिजिनल' इफेक्ट्स असा पर्याय येतो, तिथे ओरिजिनल घ्या. रिमोटवर 'अँगल'चं बटण असेल तर चालू भागातही अदलाबदल करता येते. आवाजाच्या यादीत मोनो ट्रॅक आहे, तो लावा, चाळीतल्या टीव्हीच्या जास्त जवळ जाईल.

माझं मत विचाराल तर नवे शॉट वाईट नाहीत, पण 1966 च्या पुठ्ठ्याच्या खडकांशेजारी ते परक्या वऱ्हाडासारखे दिसतात.

जुनी_फीत:
तोंडं रुंद दिसतात तो दोष टीव्हीचा. मालिका 4:3 मापाची (रुंदी:उंची) आहे, तुमच्या टीव्हीने ती ओढून 16:9 केलीय. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधलं 'स्ट्रेच' किंवा 'झूम' काढा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत.

बुरशीबद्दल: कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर जवळही आणू नका. ब्ल्यू-रेचा डेटा पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीसारखा मधोमध नाही, तेव्हा घासाघीस नको. पूर्ण सुकल्यावरच डब्यात. डबा भिंतीतल्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

आणि महत्त्वाचं: प्लेअर तिकडचा आहे ना? मागची पट्टी वाचा. नुसतं 120 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 वर थेट लावू नका.

धागाकर्ता:
120 च आहे. आतेभावाने स्टेप डाउन (230 चे 120 व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर) आणून दिलाय, त्यावरूनच चालतो. पण तो हाताला गरम लागतो.

जुनी_फीत:
कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर प्लेअरवर लिहिलेले वॅट आणि स्टेप डाउनवरचे वॅट ताडून बघा. मखमली आच्छादन घातलं असेल तर काढा, आपल्याकडे ती सवय असते.

रत्नांग्रीची_सून:
पुढे नेक्स्ट जनरेशनचे (स्टार ट्रेकची नंतरची मालिका) सेट मागवणार असाल तर एक सांगते. त्या ब्ल्यू-रेवर अशी जुनी-नवी निवड मिळत नाही. 1987 ला ती मालिका फिल्मवर चित्रित झाली, पण जोडकाम सगळं व्हिडिओटेपवर. त्यामुळे 2012 पासून सेट काढताना मूळ फिल्म शोधून प्रत्येक भाग पुन्हा जोडावा लागला. तरी बोटीचे शॉट बहुतेक मूळ मॉडेलचेच आहेत, आप्पांना चालतील. युरोपातून मात्र मागवू नका. ब्ल्यू-रेसाठी जगाचे तीन प्रदेश पाडलेत: तिकडचा बी, अमेरिकेचा ए, आपला सी. सगळ्याच डिस्कना कुलूप नसतं, पण असलंच तर तुमचा प्लेअर उघडणार नाही.

धागाकर्ता:
मंडळी, झालं! ओरिजिनल लावलं. 'बॅलन्स ऑफ टेरर', शत्रूच्या जहाजाच्या पोटावर पक्षी रंगवलाय तो भाग. आप्पा खुर्ची पुढे ओढून बसले. बोट पहिल्यांदा गेली तेव्हा नुसतं "हां" म्हणाले. मग अर्ध्या तासाने वेगळीच तक्रार. स्पॉकचा शर्ट निळा आणि कप्तानाचा पिवळा कसा? त्यांनी चाळीस वर्षं सगळे राखाडी धरले होते. टीव्हीचा कलर शून्यावर आणून दिला, आता खूश आहेत. आई म्हणते, एवढ्या लांबून रंगीत आणला तो कशाला.

चौथी डिस्क धुतली, एक भाग नीट चालला, दुसरा अजून त्याच जागी अडकतो. उजेडात धरली तर कडेला बारीक चरा दिसतो. याला काही उपाय?

आणि स्टेप डाउनवर आईने विणलेला रुमाल होता. काढला.

जुनी_फीत:
चऱ्याला घरगुती उपाय नाही, पॉलिशच्या नादी लागू नका. दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर घालून बघा, काही प्लेअर चरा पचवतात. नाहीतर आतेभावाला ती एकच डिस्क सुटी मिळते का ते विचारायला सांगा.

धागाकर्ता:
आतेभावाला सध्या काही विचारायची सोय नाही. वाटणीचं बोलणं झालं. दुसरा प्लेअर मालवणात कोणाकडे असेल तर कळवा, डिस्क घेऊन येतो.