डिस्चार्ज बुकातली तिरपी रेघ

हवालदारपुत्र :
परवा ‘त्रयस्थ’ यांनी माजी सैनिकांच्या अर्जबाजीवर एक टिपण लिहिले. ज्या पदकाने पेन्शनमध्ये एका पैशाचीही भर पडत नाही, ते डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना हाती मिळणाऱ्या सेवेच्या पुस्तकात, नोंदवले गेले नाही म्हणून पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांनी अर्ज खरडत बसणे हा निव्वळ हट्ट आहे आणि त्यापायी कार्यालयांचा वेळ वाया जातो, असा त्याचा आशय होता. ‘पदक छातीवर असते, कागदावर नव्हे’ या त्यांच्या शेवटच्या वाक्याला तर अनेकांनी वाहवा दिली. मी ते सोडून देणार होतो. परंतु माझ्या वडिलांनी ते वाचले, चष्मा काढून ठेवला आणि ‘बरोबर आहे त्यांचं’ एवढेच ते म्हणाले. त्यांनी ‘बरोबर आहे’ म्हणावे याचाच मला राग आला, म्हणून हे लांबलचक उत्तर.

वडील १९६७ साली भरती झाले आणि १९८४ साली हवालदार म्हणून घरी आले. डिसेंबर १९७१ मध्ये ते इंजिनिअरांच्या एका फील्ड कंपनीत, त्रिपुराच्या बाजूला होते. पुलाचे सामान उतरवताना त्यांचा उजवा पंजा चिरडला. त्यांना मागे रुग्णालयात पाठवण्यात आले आणि बरे झाल्यावर त्यांची नेमणूक दुसऱ्याच युनिटमध्ये झाली. पुढे पदकांच्या याद्या करायची वेळ आली तेव्हा जुन्या कंपनीच्या लेखी ते पटावर नव्हते आणि नव्या युनिटच्या लेखी ते लढाईच्या क्षेत्रात गेलेच नव्हते. त्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळणारा ‘पूर्वी स्टार’ या दोन युनिटांच्या मधल्या फटीत पडला. युद्धाच्या काळात सेवेत असलेल्यांचे संग्राम मेडलही त्याच्याबरोबर गेले.

त्यांच्या तपकिरी पुठ्ठ्याच्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात निळ्या शाईने दोनच नोंदी आहेत, सैन्य सेवा मेडल आणि नऊ वर्षांचे दीर्घ सेवा पदक. त्यांच्याखाली कोणीतरी पट्टी धरून एक तिरपी रेघ ओढली आहे आणि रकाना बंद केला आहे. आता स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचे पदक घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो सेवेत होता, त्याचे ते पदक. याच पुस्तकात पहिल्या पानावर भरतीची तारीख आहे आणि पुढे निवृत्तीची. तो दिवस या दोन तारखांच्या मध्ये येतो की नाही हे ठरवायला आम्ही आणखी कोणता पुरावा आणायचा? तीन वर्षांपूर्वी केलेल्या अर्जाला उत्तर आले ते असे : ‘संबंधित पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक व दिनांक कळवावा.’ पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाविषयीची नोंद छापणारा युनिटचा आदेश. जो आदेश निघालाच नाही अशी आमची तक्रार आहे, त्याचाच क्रमांक आम्ही कळवायचा. याला हट्ट म्हणायचे असेल, तर तो कोणाचा आहे ते त्रयस्थांनी सांगावे.

त्रयस्थ :
आपल्या वडिलांविषयी मला आदर आहे. मात्र आदराचा आणि मुद्द्याचा संबंध नाही. माझेही वडील फौजेत होते. त्यांचे डिस्चार्ज बुक ट्रंकेच्या तळाशी पडलेले आहे आणि हयातीत त्यांनी ते पेन्शनीच्या कामाव्यतिरिक्त कधी उघडले नाही. ‘जे केले ते केले’ असे ते म्हणत. त्या पिढीचा हा स्वभाव मला अर्जांपेक्षा मोठा वाटतो.

दुसरे असे की, पन्नास वर्षांनंतर ‘मीही त्या क्षेत्रात होतो’ असे म्हणणारा प्रत्येक जण खरे बोलतो, असे आपण गृहीत धरता. आमच्या तालुक्याला दर २६ जानेवारीला ध्वजवंदनाला येणाऱ्या एका गृहस्थांच्या कोटावर दरवर्षी एक पदक वाढते. नोकरी सोडून चाळीस वर्षे झालेल्या माणसाला पदके कोठून मिळतात, हे मला समजत नाही. कार्यालयाने पुरावा मागितला तर त्यात गैर काय? आणि चिरडलेल्या पंज्यासाठी आता पराक्रम पदकही मागणार आहात काय?

हवालदारपुत्र :
नाही मागणार. ते शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्यांसाठी असते आणि माझ्या वडिलांचा पंजा लोखंडी तुळईखाली सापडला होता, एवढा फरक आम्हाला कळतो. हा टोमणा आपण मारला नसता तर आपल्या वडिलांच्या मौनाला मी मनापासून नमस्कार केला असता.

अपशिंगेकर :
आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला असावा. त्रयस्थ साहेब, कोटावरची पदके वाढतात याचे इतके आश्चर्य कशाला? दिल्ली छावणीतल्या गोपीनाथ बाजारात जा, हवे ते पदक रिबनसह मिळेल. आणि तेथे फक्त तोतयेच जातात असे समजू नका. टांकसाळीतून पदक हाती पडायला वर्षानुवर्षे लागत असल्याने नोकरीतले जवान आणि अधिकारी सुद्धा परेडच्या आधी दुकानातून प्रतिकृती विकत घेऊन लावत आले आहेत, हे फौजेत कोणालाही विचारा. मी स्वतः घेतले होते. हक्काच्या पदकासाठी पदरचे पैसे मोजले, त्याची लाज मी बाळगायची की ज्यांनी ते वेळेवर दिले नाही त्यांनी?

त्रयस्थ :
म्हणजे माझाच मुद्दा आपण सिद्ध केलात. धातूचा तुकडा बाजारात मिळतो, तर त्याची किंमत किती, हे उघड आहे.

अपशिंगेकर :
किंमत तुकड्याची नसते. खऱ्या पदकाच्या कडेवर बोट फिरवून पाहा, तेथे नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले लागते. दुकानातल्या पदकाची कड गुळगुळीत असते. माझ्या नातवाने वयाच्या सहाव्या वर्षी मला विचारले होते, ‘आजोबा, याच्यावर तुमचं नाव का नाही?’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर असेल तर द्या, नसेल तर फौजेविषयी लिहिणे थांबवा.

मीमांसक :
भांडण भलतीकडे चालले आहे, तरी एक विचारतो. पुस्तकात नोंद नसताना दुकानातून आणलेले पदक लावणे हे नियमाला धरून आहे काय? नसेल, तर हक्काचा माणूस आणि तोतया यांच्यात ध्वजवंदनाच्या मैदानावर फरक कसा करायचा?

अपशिंगेकर :
फरक माणूस पाहून करायचा. आमच्या गावात कोण कोणत्या पलटणीत कोठे होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

मीमांसक :
आपल्या गावात असेल. पुण्यातल्या सोसायटीत शेजारी काय करतो हेही ठाऊक नसते. तेथे कागदच लागतो. खरे तर, दुकानातल्या पदकांचा आपल्याला राग येतो म्हणूनच पुस्तकातली नोंद अचूक असली पाहिजे, असा याचा अर्थ होतो. त्रयस्थांनी जे उदाहरण नोंदीच्या विरोधात दिले, ते नोंदीच्या बाजूचे निघाले.

डेट्रॉइटकर :
मी राहतो त्या देशात सेंट लुईसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के माणसांचे कागद त्यात गेले. तरीही कोणी ‘विसरा आता’ असे म्हटले नाही. पगाराच्या पावत्या आणि इतर विभागांतल्या नोंदी जुळवून सेवेचा पुरावा पुन्हा उभा केला जातो. नोंद चुकली असल्यास ती दुरुस्त करण्यासाठी मुलकी सदस्यांचे स्वतंत्र मंडळ आहे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, परंतु न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ती मुदतही माफ करते. माझ्या शेजारच्या व्हिएतनामच्या युद्धातल्या म्हाताऱ्याला त्याचे पदक असे पोस्टाने घरी आले आणि पाकीट त्याने माझ्याकडून उघडून घेतले, कारण त्याचे हात थरथरत होते.

त्रयस्थ :
अमेरिका केव्हा येते याचीच मी वाट पाहत होतो.

पाटणची सून :
पदकाने एका पैशाचाही फरक पडत नाही, हे त्रयस्थ कोणत्या आधारावर लिहितात? माझे सासरे १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवर तोफगोळ्याच्या कपच्यांनी जखमी झाले. अशा जखमेसाठी पुढे ‘वूंड मेडल’ सुरू झाले, आज ज्याला पराक्रम पदक म्हणतात तेच. त्यांच्या पुस्तकात त्याची नोंद नाही, कारण रणांगणावर जखमी झाल्याचा आदेशच कार्यालयात पोचला नव्हता. वैद्यकीय कागदांत ‘जखम’ आहे, पण ती कशाने झाली याचा रकाना रिकामा. परिणामी त्यांना साध्या अपंगत्वाचे पेन्शन लावण्यात आले. युद्धजखमेचा घटक साध्या अपंगत्वाच्या दुप्पट असतो. पदकाची नोंद शोधता शोधता मूळ आदेशातली चूक सापडली, नाही तर ती कोणाला सापडली नसती. सासरे गेले, सासूबाईंना आता जे मिळते ते त्या शोधामुळे. सात वर्षे मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एसटीने जात होते. मला हट्टी म्हणा, माझी हरकत नाही.

त्रयस्थ :
रणांगणावरच्या जखमेची गोष्ट निराळी आहे, हे मी मान्य करतो. माझे लिखाण मोहिमेच्या पदकांपुरते होते. ते वाक्य मी अधिक काळजीपूर्वक लिहायला हवे होते.

अपशिंगेकर :
चला, पन्नास वर्षांनी एक नोंद दुरुस्त झाली.

जुना बाबू :
मी बावीस वर्षे फौजेत लिपिक होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या माझ्याच वाट्याच्या आहेत. घडते ते असे. जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट, म्हणजे लग्न, मूल, बढती, बदली, पदक, युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये छापली जाते आणि तेथून रेकॉर्ड ऑफिसात त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रावर, चढते. आदेश निघाला नाही, तर रेकॉर्ड ऑफिसच्या दृष्टीने ती गोष्ट घडलीच नाही. लढाईनंतर पलटणी हलत होत्या, टंकलेखन यंत्रे पेट्यांत होती, आणि एका कंपनीत चार जाधव व तीन शिंदे असत. नाव चुकले तर नंबर वाचवतो, पण नंबरातला एक आकडा चुकला तर एकाचे पदक दुसऱ्याच्या खात्यावर जाते. असे मी स्वतः पाहिले आहे आणि एकदा माझ्या हातूनही झाले आहे. तो जवान वर्षभराने माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि दुरुस्तीचा आदेश काढला. तो निवृत्तीनंतर आला असता तर मला काहीच करता आले नसते.

त्रयस्थांना एवढेच सांगतो की, वेळ वाया जातो तो अर्जामुळे नव्हे, अर्ज परत पाठवण्यामुळे. आणि अर्ज करणाऱ्यांनीही घाई करावी. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात आणि मागे उरते ती लाँग रोलमधली, म्हणजे नावांच्या कायमच्या यादीतली, एक ओळ. पेन्शनरांचा शीट रोल त्याहून जास्त काळ टिकतो. १० रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर त्याची प्रत मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ती प्रत हाती आल्याशिवाय भांडू नये. माणूस एका नोंदीसाठी भांडत असतो आणि ती शीट रोलवर आधीपासूनच असते, फक्त पुस्तकात उतरवायची राहिलेली असते.

हवालदारपुत्र :
शीट रोलची प्रत आम्ही मागवून घेतली आहे. त्यात रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख आणि ठिकाण दोन्ही आहे. त्या तारखेला ते त्या ठिकाणी जखमी अवस्थेत पोचले, म्हणजे आदल्या दिवशी ते कोठे होते, हे समजायला फार मोठी बुद्धी लागत नाही.

त्रयस्थ :
बुद्धी लागत नसेल, पण अनुमान लागते आणि अनुमानावर स्टार देऊ नये, या मतावर मी ठाम आहे. ते रुग्णालय क्षेत्राच्या आत होते की बाहेर, पंजा कोठे चिरडला, हे जुन्या कंपनीच्या कागदांवरूनच ठरले पाहिजे. मात्र १५ ऑगस्ट १९७२ च्या पदकाबाबत आणि संग्राम मेडलबाबत आपले म्हणणे मला मान्य करावे लागते. संग्राम मेडलचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा आहे आणि त्या काळात आपले वडील पटावर होते, हे त्यांच्या पुस्तकावरूनच दिसते. यासाठी आदेशाचा क्रमांक मागणाऱ्या कारकुनाचा बचाव माझ्याच्याने होणार नाही. मोठ्या मनाने मान्य करतो असे मात्र समजू नये.

हवालदारपुत्र :
आपले मन किती मोठे आहे हे मोजण्याचा आमचा विचार नव्हता. तीनपैकी दोन मान्य केलीत, एवढे वडिलांना वाचून दाखवतो.

जुना बाबू :
हवालदारपुत्र, एक विचारतो. तीनही पदके आपण एकाच अर्जात मागितली होती काय?

हवालदारपुत्र :
होय, एकाच अर्जात, क्रमाने.

जुना बाबू :
तेथेच घोटाळा झाला. स्टारसाठी जुन्या कंपनीकडे चौकशी करावी लागते, म्हणून तो अर्ज ‘प्रलंबित’ फायलीत गेला आणि त्याच्याबरोबर बिनवादाची दोन पदकेही गेली. त्या दोन पदकांसाठी डिस्चार्ज बुकाच्या संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती जोडून स्वतंत्र अर्ज करा. सर्व्हिस नंबर प्रत्येक पानावर लिहा. स्टारचा अर्ज वेगळा ठेवा आणि त्यात रुग्णालयाची नोंद जोडून जुन्या कंपनीच्या वॉर डायरीचा (युद्धकाळातल्या रोजनिशीचा) संदर्भ तपासण्याची विनंती करा.

हवालदारपुत्र :
हे आपण तीन वर्षांपूर्वी सांगितले असतेत तर बरे झाले असते.

जुना बाबू :
तीन वर्षांपूर्वी आपण विचारले नव्हते. आणि अर्जावर सही वडिलांचीच घ्या, डाव्या हाताची असली तरी चालते.