लिंगभाव आणि आवाज

लिंगभाव, म्हणजे आपण स्त्री की पुरुष ही जाणीव, हा सर्वस्वी मनाचा विषय असून शरीर हे त्याचे केवळ बाह्य आवरण आहे, या मताशी मी सहमत नाही, आणि त्यासाठी आवाजाचे उदाहरण द्यावेसे वाटते. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे स्वरतंतू लांब व जाड होतात. त्यामुळे प्रौढ पुरुषाचा आवाज साधारणपणे १२० हर्ट्‌झच्या, तर स्त्रीचा २०० हर्ट्‌झच्या आसपास असतो (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने). मात्र त्या वयापूर्वी, स्वरतंतूंत फारसा फरक नसतानाही, मुलगा बोलतो आहे की मुलगी हे ऐकणाऱ्याला पुष्कळदा ओळखता येते, कारण बोलण्याची ढब मुले आजूबाजूच्या माणसांकडून नकळत उचलत असतात. ट्रान्स स्त्रियांना, म्हणजे जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या स्त्रियांना, तर हे फार तीव्रतेने जाणवत असावे : इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घेतल्याने एकदा उतरलेला आवाज पुन्हा चढत नाही, म्हणून स्वराची उंची, अनुनाद (आवाजाचा घुमारा) आणि लय यांवर त्यांना दीर्घकाळ मेहनत घ्यावी लागते, आणि तरीही फोनवर पलीकडच्या व्यक्तीने सहज ‘सर’ म्हटले की ती सारी मेहनत क्षणात नाकारली जाते. हे मला क्लेशदायक वाटते. ट्रान्स पुरुषांचा आवाज टेस्टोस्टेरॉनने सहसा खाली येतो, परंतु किती मोठ्याने बोलावे, वाक्य कोणत्या सुरात संपवावे, या लहानपणापासून अंगी मुरलेल्या सवयी औषधाने बदलत नाहीत.