कोजागरीच्या शेकोटीचे लाकूड

प्रेषक : शिबिर समिती, डेट्रॉइट

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

यंदाचे कोजागरीचे शिबिर उत्तर मिशिगनमध्ये, येथून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. आपल्या एका सभासदांनी गेल्या हिवाळ्यात अंगणातले वाळलेले ॲशचे झाड पाडले असून ते लाकूड शेकोटीसाठी गाडीतून न्यावे, असा विचार आहे. लाकूड वर्षभर वाळलेले असल्याने आम्हाला त्यात अडचण दिसत नाही. तरीही लकडगंजात ज्यांची हयात लाकडाच्या व्यापारात गेली, त्या काकांनी नागपुरातून आपले मत कळवावे, ही विनंती.

———

प्रेषक : काका, लकडगंज, नागपूर

ताई, सप्रेम नमस्कार.

ते लाकूड कृपया नेऊ नका. ते झाड का वाळले, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. पूर्व आशियातला एमरल्ड ॲश बोरर हा हिरवा, चकाकणारा, जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा भुंगेरा २००२ साली अमेरिकेत प्रथम ओळखला गेला तो तुमच्याच डेट्रॉइटच्या परिसरात, आणि तेव्हापासून त्याने ॲशची कोट्यवधी झाडे मारली आहेत. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे पोखरत जाते, त्यामुळे झाडाचा अन्नरस तुटतो आणि ते काही वर्षांत उभ्या उभ्या वाळते. काटोल-वरुडकडच्या बागाईतदाराला संत्र्याची साल खाणारी अळी निदान भुश्याच्या जाळ्यावरून दिसते आणि तो छिद्रात रॉकेलचा बोळा घालून वर चिखल लिंपतो, पण ही अळी सालीआड असते, बाहेरून तिचा पत्ता लागत नाही. सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखे तीन-चार मिलिमीटरचे छिद्र दिसले, तर भुंगेरा त्यातून आधीच उडून गेलेला असतो. छिद्र नसले म्हणून लाकूड निर्धोक ठरत नाही.

वर्षभर वाळल्याचाही भरवसा धरू नये, कारण तोडलेल्या लाकडातूनही हे भुंगेरे पुढच्या, क्वचित त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडतात. ऑक्टोबरात अळ्या सालीखाली थंडीसाठी दडलेल्या असतात. शेकोटीनंतर चार ओंडके तिथे उरले, तर मेअखेरीपासून त्यांतून भुंगेरे निघतील. स्वतःच्या पंखांवर हा कीटक वर्षाकाठी सहसा काही किलोमीटरच सरकतो, पण आपल्या गाडीच्या डिकीतून तो एका दुपारी तीनशे किलोमीटर जातो. उत्तरेतही तो आता बहुतेक ठिकाणी पोहोचला आहे हे खरे, परंतु सरपणातून जाणारा तो एकटाच नाही. ओकच्या मर रोगाची बुरशी आणि स्पंजी मॉथ या पतंगाच्या अंड्यांचे पुंजकेही असेच प्रवास करतात.

नव्वदच्या दशकात मंडला-दिंडोरीकडे सालवृक्षांवर बोरर पडला तेव्हा लाखो झाडे तोडावी लागली, ते दुःख आम्ही जवळून पाहिले आहे. तो किडा निदान त्याच रानातला होता. परक्या किड्याशी झुंजण्याची सवयच अमेरिकेतल्या ॲशला नाही, म्हणून तिथली हानी मला अधिक भयंकर वाटते.

आमच्याकडे वनखात्याच्या वाहतूक परवान्याशिवाय सागाचा ओंडका हलत नाही. तो नियम चोरीसाठी आहे, पण लाकूड कुठून आले हे विचारण्याची शिस्त त्याने आम्हाला लागली. तीच तुम्ही सरपणाला लावा. शक्यतो शिबिराच्या जागेपासून १६ किलोमीटरच्या आतले, फार तर ८० किलोमीटरच्या आतले लाकूड घ्यावे, किंवा गाभ्यापर्यंत ६० अंश सेल्सिअस तापमान ६० मिनिटे दिल्याचा शिक्का असलेले गठ्ठे विकत घ्यावेत. नुसते ‘वाळवलेले’ असे लिहिलेले चालणार नाही. उरलेले लाकूड तिथेच जाळावे, परत आणू नये.

नागपूरहून सालीसकट आंब्याच्या समिधा बॅगेत घालून नेणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे. त्या विमानतळावर जाहीर कराव्या लागतात, आणि मुळात नेऊच नयेत.

———

प्रेषक : शिबिर समिती, डेट्रॉइट

काका, मनःपूर्वक आभार. शिबिराचे लाकूड आता उद्यानाजवळच विकत घेऊ. अंगणातले ॲश जागचे हलणार नाही. त्या सभासदांनी मार्चमधली होळी आपल्याच अंगणात करण्याची तयारी दाखवली आहे, म्हणजे भुंगेरे निघण्याच्या आत ते सारे जळून जाईल. नगरपालिकेच्या परवानगीसाठी अर्ज या आठवड्यात देत आहोत.