वेधशाळेच्या वर्धापनदिनी निधीसाठी उघड्यावर सिनेमा: वेळ, पडदा, परवानग्या कशा जमवायच्या?

प्रश्न: घुमटवाला

आमच्या मंडळाच्या टेकडीवरच्या वेधशाळेला डिसेंबरात 25 वर्षं पूर्ण होतात. 12 इंची परावर्ती दुर्बिणीच्या आरशांवर नवा ॲल्युमिनियमचा थर द्यायचाय आणि घुमटाच्या झडपेची मोटार बदलायचीय. त्यासाठी तिकीट लावून सिनेमा दाखवायचा विचार आहे. माणसं साधारण 120, जागा घुमटाच्या पूर्वेचं मोकळं पटांगण. बेत असा: सात ते नऊ आकाशदर्शन, नऊला सिनेमा. जॉर्ज मेलिएचा 1902 सालचा चंद्रसफरीचा मूकपट आणि त्याला जोडून अपोलो मोहिमेचं चित्रण. पडदा 3 मीटर रुंद. 5000 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर भाड्याने मिळतोय, पुरेल का? दुर्बिणीला त्रास न होता हे सगळं कसं बसवावं?

उत्तर: संधिप्रकाश

क्रम उलटा करा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास. त्यानंतर 40 मिनिटांनी पडद्यावरचं चित्र नीट दिसायला लागतं, पण आकाश पूर्ण काळं व्हायला सूर्यास्तापासून सव्वा तास तरी लागतो. अंधूक तारकागुच्छांसाठी ही मधली वेळ तशीही वाया जाते. सिनेमा त्यातच बसवा: 6:40 ला सुरू, 7:35 ला संपला पाहिजे. एकूण 55 मिनिटांच्या वर नको.

मग 20 मिनिटं चहा, तोही लाल दिव्यांत. पांढऱ्या पडद्याकडे तासभर पाहिलेल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. नऊला सिनेमा ठेवलात तर नंतर कुणी दुर्बिणीकडे वळणार नाही, आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावाच लागतो.

तारीख शुद्ध पंचमी ते अष्टमीच्या दरम्यानची घ्या, वर्धापनदिन चार दिवस पुढे-मागे झाला तरी चालेल. संध्याकाळी चंद्र वर असतो, विवरांच्या सावल्या ठळक दिसतात आणि चंद्र पाहायला डोळे सरावलेले असण्याची गरज नसते. पौर्णिमा टाळा, त्या दिवशी चंद्र सपाट दिसतो.

गाड्या टेकडीच्या पायथ्याशीच लावायला सांगा. एका हेडलाइटने सगळ्यांची वीस मिनिटं पाण्यात जातात.

उत्तर: पडदा_आणि_वायर

5000 ल्युमेन नको. 3 मीटर रुंद पडदा म्हणजे सुमारे 5 चौरस मीटर. चित्रपटगृहात पडद्याची उजळता चौरस मीटरला 48 कँडेला धरतात. त्या हिशेबाने (48 × 5 × 3.14) तुम्हाला प्रत्यक्षात 750 ल्युमेन पुरतात. छापील आकडा आणि खरा प्रकाश यांत फरक असतो म्हणून 2500 ते 3000 चा घ्या आणि इको मोडवर चालवा. जास्त प्रकाश म्हणजे पडद्यावरून उडून घुमटाच्या फटीत शिरणारा जास्त प्रकाश.

पडद्याचं तोंड पश्चिमेकडे नको, मावळतीचा उजेड थेट त्यावर पडतो. तोंड दक्षिणेला असू द्या आणि मागे काळं जाड कापड शिवा, नाहीतर साध्या पांढऱ्या कापडातून बराच प्रकाश मागे झिरपतो.

टेकडीवर खरा शत्रू वारा. ताशी 30 किलोमीटर वाऱ्यात एवढ्या पडद्यावर 25 किलोच्या आसपास जोर येतो, वेग दुप्पट झाला की चौपट. चौकटीचे पाय पुढे-मागे एकेक मीटर ठेवा, पुढच्या पायांवर मिळून 50 किलो आणि मागच्या पायांवर मिळून 50 किलो वाळूच्या गोण्या टाका, वर चार दोर ताणा. वारा 40 च्या पुढे गेला की पडदा खाली घ्या, वाट बघत बसू नका.

लॅपटॉप प्रोजेक्टरशेजारीच ठेवा. साधी एचडीएमआय केबल 10 मीटरच्या पुढे दगा देते, त्यापेक्षा आवाजाची केबल लांब घ्या. स्पीकरमधून 50 हर्ट्झची घरघर आली तर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि ॲम्प्लिफायर एकाच पॉइंटवर आणा. बहुतेक वेळा तेवढ्याने ती जाते.

दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरवणारी चालक मोटार मात्र जनरेटरवर घेऊ नका. जुनी सिंक्रोनस (विजेच्या वारंवारतेच्या वेगाने फिरणारी) मोटार असेल तर जनरेटरच्या वारंवारतेतल्या चढउताराबरोबर तारा नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) सरकत राहतो. तिला घरची वीज किंवा बॅटरी-इन्व्हर्टर द्या. जनरेटर 25 मीटर लांब, वारा जिकडे वाहत जातो त्या अंगाला.

उत्तर: पावती_पुस्तक

हक्कांचं बघा. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं असतो, त्यामुळे 1902 चा मूकपट मोकळा आहे. पण 2011 साली आलेल्या रंगीत पुनरुज्जीवित आवृत्तीचं संगीत नवं आहे, ते मोकळं नाही. जुनी कृष्णधवल प्रत घ्या आणि पेटी-तबला समोर बसवा. सेकंदाला 16 चौकटींच्या वेगाने तो सुमारे 14 मिनिटं चालतो. 24 ने चालवला तर माणसं पळत सुटल्यासारखी दिसतात, फाइल आधी तपासा.

नासाचं स्वतःचं चित्रण साधारणपणे स्वामित्वहक्कमुक्त असतं, मात्र त्यावर दुसऱ्या कुणी केलेला माहितीपट मोकळा नसतो. घरगुती डीव्हीडी किंवा ओटीटीच्या वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही.

हक्क संपले म्हणजे सेन्सॉर प्रमाणपत्राची अट संपली असं नाही. सेन्सॉर बोर्डाच्या मुंबई कार्यालयाला आधीच लेखी विचारा. ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी वेगळी.

तिकीट आणि देणगी मिसळू नका. तिकिटाच्या बदल्यात सिनेमा मिळतो, म्हणून त्यावर 80जी ची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती देता येत नाही. संस्थेला 80जी असेल तर देणगीची पावती स्वतंत्र फाडा. 2,000 रुपयांच्या वरच्या रोख देणगीला करसवलत नाही, यूपीआयचा फलक लावा.

घुमटवाला

क्रम उलटा करतोय. एकच 12 इंची आहे, 120 माणसं कशी आवरतील?

उत्तर: संधिप्रकाश

शिडीवर चढणं, डोळा लावणं, उतरणं धरून माणशी दीड मिनिट. एकाच दुर्बिणीला तीन तास लागतील. सभासदांकडून आणखी दोन 6 किंवा 8 इंची डॉब्सोनियन (हाताने फिरवायच्या साध्या दुर्बिणी) आणा, म्हणजे तासात सगळे होतात. त्या दोन्ही चंद्रावर आणि ग्रहावर, 12 इंची तेवढी अंधूक गोष्टींसाठी. घुमटात एका वेळी सहाच माणसं, अंगाच्या उष्णतेने हवा थरथरते आणि प्रतिमा उकळल्यासारखी दिसते.

रांगेच्या तोंडाशी तुमच्या आरशाचा एक मोठा फोटो लावा. आरसा काढाल तेव्हा अंधारात त्याच्या मागून टॉर्च धरा, थर उडालेल्या जागा ताऱ्यांसारख्या चमकतात. खाली आकडे लिहा: नवा थर सुमारे 88 टक्के प्रकाश परत पाठवतो, दोन आरशांनंतर 77 उरतात, थर 75 टक्क्यांवर आला की दोन्हींनंतर 56. देणगीची पेटी त्या फोटोखालीच ठेवा.