मेवेदर–पॅकियाओ: लढत फसली की आपण भुललो?

('बारावी फेरी', 'जॅब आधी' आणि 'खांदा' ही वाद घालणाऱ्या तिघांची टोपणनावं.)

बारावी फेरी: 2 मे 2015, लास व्हेगास. 'शतकातली लढत' म्हणून खपवलेला मेवेदर आणि पॅकियाओ यांचा बॉक्सिंगचा सामना. अमेरिकेत घरी एचडीवर बघायला 99.95 डॉलर, आणि तरी 46 लाख जोडण्या विकल्या गेल्या. पदरात काय पडलं? एकही नॉकडाउन (ठोशाने खाली पाडणं) नाही. 12 फेऱ्यांत पॅकियाओचे लागलेले ठोसे 81, म्हणजे फेरीला सातही नाहीत. ही फसवणूक नाही तर काय?

जॅब आधी: फसवणूक कसली? 81 चा आकडा फोडून बघा. पॅकियाओने 193 जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे) टाकले, लागले 18. पॅकियाओ डावखुरा, आणि डावखुऱ्याचा जॅब उजव्या हाताचा. त्याने समोरच्याला थोपवलं नाही, तर मागून येणारा डावा पोचेपर्यंत समोरचा जागेवर राहतच नाही. मेवेदर जॅबची वाट न बघता थेट उजवा सरळ मारत होता. डावखुऱ्याच्या गार्डमधून, म्हणजे बचावाला धरलेल्या हातांमधून, तो हात सरळ आत जातो. पॅकियाओ आत घुसलाच तर मिठी, पंच सोडवणार, पुन्हा लांबून सुरुवात. चौथ्या फेरीत डावा नीट बसला आणि मेवेदर दोरांवर गेला, पण नंतरचे बरेचसे ठोसे त्याच्या हातांवरच आपटले. कंटाळवाणं म्हणा हवं तर. कौशल्य होतंच.

खांदा: जॅबच्या हिशेबात पॅकियाओचा उजवा खांदा कुठे आहे? स्नायूबंध फाटलेला होता, लढतीनंतर काही दिवसांतच शस्त्रक्रिया झाली. लढतींवर देखरेख ठेवणाऱ्या नेवाडा राज्याच्या आयोगाच्या अर्जात खांद्याच्या दुखापतीच्या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण होती. म्हणून त्या रात्री वेदनाशामक इंजेक्शनची परवानगी नाकारली. 18 जॅबचं सगळं श्रेय मेवेदरला देऊ नका. आणि ही माहिती पैसे भरणाऱ्यांपासून दडवली गेली, हा माझा खरा आक्षेप.

जॅब आधी: त्यावर खटले झालेच की. 2019 मध्ये अपील न्यायालयानेही ते फेटाळले. प्रेक्षकाने पूर्ण लढतीचे पैसे दिले, पूर्ण लढत मिळाली. रंगेलच अशी हमी कोणी देत नसतं.

बारावी फेरी: कायद्याने सुटले, ठीक. पण बोलणी 2009 पासूनची, उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचण्यांच्या अटींवर अडलेली. लढत झाली तेव्हा मेवेदर 38 वर्षांचा, पॅकियाओ 36. मधल्या काळात, 2012 मध्ये, मार्केझने पॅकियाओला झोपवलं. शिळ्या कढीला ऊत आणून ताज्याचा भाव लावला!

जॅब आधी: मग नॉकडाउन कुठून मागताय? त्या रात्रीपर्यंत पॅकियाओने प्रतिस्पर्ध्याला वेळेआधी संपवल्याची शेवटची लढत नोव्हेंबर 2009 ची, कॉटोविरुद्ध. मेवेदरची 2011 ची, ऑर्टिझविरुद्ध. आकडे सगळ्यांसमोर होते, जाहिरातींनी फक्त दाखवले नाहीत.

खांदा: हे मान्य. पण मेवेदरला जिंकवताना एका परीक्षकाचे गुण 118-110? म्हणजे पॅकियाओला दोनच फेऱ्या! बाकी दोघा परीक्षकांचे 116-112 पटतात.